दीडशे चिंचोके

लांजेवार गुरुजींबद्दल कोणी चांगलं बोललं की माझं डोकं फिरतं. वाईट बोललं तरी फिरतं. चांगलं बोलणारे बहुतेक त्यांच्या हाताखालून गेलेले असतात, आणि ‘गुरुजींनी आम्हांला भाषा शिकवली’ असं भरल्या गळ्यानं सांगतात. त्यांतल्या निम्म्यांना मी गुरुजींसमोर चड्डी ओली करताना पाहिलेलं आहे. वाईट बोलणाऱ्यांनी त्यांना नुसतं दुरून पाहिलं. मी त्यांच्याबरोबर नऊ वर्षं शिकवलं, त्यांच्या घरचा चहा रोज प्यायले, आणि त्यांनी आयुष्यात केलेल्या सगळ्यात दुष्ट कामात माझा हात आहे. तेव्हा बोलायचंच तर मीच बोलावं.

बालाघाटला आमची शाळा हिंदी होती आणि तिच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांत मराठी विभाग होता. पूर्वी चार खोल्या होत्या म्हणे. छप्पन साली प्रांतांची नव्यानं वाटणी झाली, नागपूर मराठी मुलखात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, आणि दर एक-दोन वर्षांनी एकेक बाक पुढच्या अंगाला, हिंदीकडे, जाऊ लागला. मी लागले तेव्हा मराठी विभागात गुरुजी आणि मी, एवढेच. हिंदीवाले त्यांना ‘मास्साब’ म्हणत. गुरुजी ओ देत नसत. ‘गुरुजी’ म्हटलं तरच मान वळायची.

उंच, वाळलेला माणूस. सदऱ्याच्या दोन्ही खिशांत चिंचोके. दिसायच्या आधी ते ऐकू यायचे, कारण चालताना चिंचोके वाजत. पोरं तो आवाज ओळखून चिडीचूप व्हायची. मीही व्हायचे, आणि तेव्हा मी चोवीस वर्षांची होते.

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात माझी आई आजारी पडली म्हणून मी रजेचा अर्ज लिहिला. चांगला पानभर, ‘सविनय’पासून ‘कृपाभिलाषी’पर्यंत. गुरुजींनी तो टेबलावर ठेवला, खिशातून मूठभर चिंचोके काढले आणि माझ्या एकेका शब्दावर एकेक ठेवत गेले. मग परत उचलू लागले. प्रत्येक उचलताना माझ्याकडे पाहून विचारायचे, “हा गेला तं कोन मरते?” सविनय गेलं, कोणी मेलं नाही. सेवेशी गेलं, कृपाभिलाषी गेलं. शेवटी कागदावर पाच चिंचोके उरले. ‘आई आजारी. दोन दिवस रजा.’

“आता वाचाव वाटते,” गुरुजी म्हणाले. “पयले तुमची आई मेली तरी अर्ज संपला नसता.”

मी घरी जाऊन रडले. पण अर्ज वाचावासा वाटत होता हे खरं होतं. त्यांचा राग येण्यातली हीच अडचण होती, माणूस बहुतेक वेळा बरोबर असायचा.

लालबर्ऱ्याहून आलेल्या, मामाकडे राहणाऱ्या शेवंता नावाच्या मुलीनं तिसरीत ‘आमची गाय’ असा निबंध लिहिला होता. गाईला चार पाय असतात, दोन शिंगं असतात, ती चारा खाते, दूध देते, आणि शेवटी एका ओळीत, आमची गाय पोळ्याच्या दिवशी मेली. गुरुजींनी तिला फळ्याजवळ उभं केलं आणि सगळ्या वर्गाकडून एकेक शब्द पुसून घेतला. पाय पुसले, शिंगं पुसली, दूध पुसलं. पोरं खिदळत होती, शेवंताही आधी हसत होती. शेवटी फळ्यावर ‘गाय मेली’ एवढंच राहिलं. वर्ग एकदम गप्प झाला आणि शेवंतानं भोकाड पसरलं.

“पाह्यलं?” गुरुजी मला म्हणाले. “आता खरं लिहिलं तिनं.”

त्यांनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. शेवंता त्यानंतर आठवडाभर शाळेत आली नाही.

आमच्या शाळेतले बोपचे मास्तर वारले तेव्हाची शोकसभा तर गावात अजून सांगतात. गुरुजी अध्यक्ष होते. त्यांनी आधीच जाहीर केलं, प्रत्येकाला पन्नास शब्द. आणि खरोखर डाव्या मुठीतून उजव्या मुठीत चिंचोके टाकत बसले. हिंदी विभागाचे हेडमास्तर चव्वेचाळिसाव्या शब्दाला घाबरून खाली बसले. मग बोपच्यांचा परसवाडा गावचा भाऊ उठला. ‘माझा दादा’ म्हणाला आणि त्याला हुंदका आला. बिचारा पदर नसलेल्या बाईसारखा शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत उभा राहिला. सगळी सभा खाली मान घालून बसली. गुरुजींनी हात थांबवला आणि शांतपणे म्हणाले, “रडा, रडा. रडनं मोजत नसतो.” त्यावर मागं कोणीतरी फिसकन हसलं. तो भाऊ पुढे एक शब्दही बोलला नाही. पायऱ्या उतरून सरळ निघून गेला.

मी तेव्हा गुरुजींना म्हटलंसुद्धा, “गुरुजी, हे बरं नाही झालं.”

“दोन शब्द बोलला,” ते म्हणाले. “सगळ्यांत चांगला थोच बोलला.”

हे सगळं वेड कशासाठी, तर पद्यातल्या गोष्टीसाठी. गुरुजी मुलांसाठी यमकातल्या गोष्टी लिहीत. आमच्या मराठी मंडळाचं दर दसऱ्याला एक हस्तलिखित निघे, एकच प्रत, ती घरोघरी फिरे. माझं अक्षर बरं म्हणून लिहायचं काम माझ्याकडे. त्यात गुरुजींना एक पान, आणि पानात मावतील तेवढेच शब्द. गोष्ट लिहायची त्यांची पद्धत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. घरच्या पडवीत सतरंजीवर बसायचे, पुढ्यात सूप, सुपात मोजून घेतलेले चिंचोके. जितके शब्द तितके. यमकाच्या शब्दांसाठी अख्खे काळे चिंचोके, बाकीच्यांसाठी घासून पांढरे केलेले. आधी सगळे काळे ओळीनं मांडायचे. गोष्ट कोणाची, काय होणार, हे नंतर. आधी कडेची यमकं ठरली पाहिजेत, त्यातही शेवटच्या ओळीचं सगळ्यांत आधी. मग पांढऱ्यांचे ढीग. एक ढीग सुरुवातीचा, एक संकटाचा, एक सुटकेचा. संकट लांबलं तर सुटकेच्या ढिगातून काढून घ्यायचे. सुरुवात कधी दहाच्या वर जाऊ द्यायची नाही.

“बाई, गोष्टीत मानूस आनाले दहा चिंचोके लागते,” ते मला शिकवत. “अन् आनलेल्याले घरी पोचवाले आनखी पाच. पोचवता येत नसन तं आनू नये.”

आणि कमीही चालत नसे. शंभर म्हणजे शंभर. सुपात एक जरी उरला तरी गोष्ट पुन्हा मोडायचे.

आता काकूंबद्दल. काकू म्हणजे गुरुजींची बायको, माहेरचं नाव गंगू. मूलबाळ नव्हतं. शाळेच्या मागच्या भिंतीला लागूनच त्यांचं घर, त्यामुळे आमच्या वर्गाची खिडकी आणि काकूंची चूल यांच्यात एक बोळ काय तो मध्ये. काकूंना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण गोष्ट सांगावी तर काकूंनी. दुपारी शाळा सुटली की गल्लीतली पोरं त्यांच्या अंगणात जमत, हिंदीवाली, मराठीवाली सगळी, आणि गोष्ट नेहमी एकच, गंगू-सकूची. गंगू मोठी, सकू धाकटी. दोघी मोहाची फुलं वेचायला वैनगंगेच्या पल्याड जातात. परत येताना मगर सकूला ओढून नेते. गंगू काठावर बसून गडव्यानं, म्हणजे तांब्यानं, नदी उपसायला लागते. एक गडवा, दोन गडवे, तीन गडवे. इथे पोरांनी मोजायचं. पोरं मोजायची, शंभर, दोनशे, कधी चारशेपर्यंत, बेंबीच्या देठापासून ओरडत. मगर हसते, पण नदीला लाज वाटते आणि ती सकूला परत देते. तेव्हापासून सकूचे केस कधी वाळले नाहीत. एवढी गोष्ट, आणि ती सांगायला दुपारची संध्याकाळ व्हायची.

सकू खरी होती. काकूंची धाकटी बहीण. काकू अकरा वर्षांच्या, ती सात. दोघी नदीवर गेल्या आणि काकू एकट्या घरी आल्या. हे मला काकूंनी भाकऱ्या थापता थापता एकदा सांगितलं. “हात धरून ठिव म्हनलं होतं मायनं,” एवढंच म्हणाल्या. गुरुजींना हे लग्नापासून माहीत होतं.

मग एका वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर वरून पत्रक आलं. मराठी शाळांसाठी तिसरीचं नवं वाचनमाला-पुस्तक निघणार, शिक्षकांनी पद्यातली गोष्ट पाठवावी, शब्द दीडशेपेक्षा जास्त नसावेत. गुरुजींनी ते पत्रक चार वेळा वाचलं. दोन खोल्यांची एक होणार हे त्यांना दिसत होतंच. पण पुस्तकात छापलेलं राहील, आणि कुठल्या का गावात होईना, पोरं ते म्हणतील.

त्या दिवशी चहा घेताना ते काकूंना म्हणाले, “तुही गोष्ट दे मले.”

काकू चुलीपुढून उठल्या, हात पुसले. “घ्या जी. पन सकूचं नाव राहू द्या. पुस्तकात राह्यलं म्हंजे पोट्टे घेतीन तिचं नाव. माह्या मागं कोन घेईन?”

“राहीन,” गुरुजी म्हणाले.

आठ दिवस आम्ही त्या सुपाशी बसलो. गुरुजी मांडायचे, मी लिहायचे. मोह गेला, कारण त्याला यमक महाग पडत होतं. गडवे चारशेवरून तीनवर आले. नदीची लाज एका शब्दात बसवली. शेवट मात्र पहिल्या दिवशीच ठरला होता आणि तो सुंदर होता:

मगर बसली उपाशी, तिची फजिती झाली;
गंगूसंगे सकू ओल्या केसांनी घरी आली.

पण काही केल्या गोष्ट एकशे एकाहत्तरच्या खाली येईना. एकवीस जास्त. गुरुजींनी मगर कापून पाहिली, नदी कापून पाहिली, एकदा तर सुपातले सगळे चिंचोके जमिनीवर फेकले आणि मला वेचायला लावले. मी म्हटलं, “एकवीस जास्त गेले तर काय होतंय, गुरुजी?” त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा चिंचोके वेचायला बसले. त्यांची खात्री होती की वर कोणीतरी बसलेलं आहे आणि ते एकेक शब्द मोजतं.

आठव्या दिवशी, शेवटच्या टपालाच्या दिवशी, मला पाच वाजता घरी पोचायचं होतं. भंडाऱ्याकडचे पाहुणे मला बघायला येणार होते. साडेतीन झाले, चार झाले. गुरुजी सकूचा ढीग बोटानं इकडून तिकडे सरकवत होते. मला साडी बदलायची होती, केस विंचरायचे होते. मी म्हटलं, “गुरुजी, दोघी कशाला? एकच मुलगी ठेवली तर? धीट मुलगी. मगर तिला फसवायला जाते आणि तीच मगरीला फसवून येते.”

गुरुजींनी आत स्वैपाकघराकडे पाहिलं. मग सकूचे चोवीस चिंचोके दोन्ही हातांनी उचलले आणि डब्यात टाकले. दीडशेला तीन कमी उरले. शेवटची ओळ लंगडी झाली होती, ‘गंगू मात्र घरी आली’. त्यांनी ‘परत’चा एक ठेवला, ‘एकटी’चा एक ठेवला. एक राहिला. तो बोटात धरून बसले.

“मुलांची गोष्ट आहे,” मी म्हटलं. “शेवट आनंदाचा हवा. ‘हसत’ टाका.”

गुरुजींनी तो शेवटचा चिंचोका ठेवला. दीडशे. मग मला म्हणाले, “शिकल्या बाई तुमी.”

नऊ वर्षांत त्यांनी माझी केलेली ही एकच स्तुती. खोटं कशाला सांगू, मला इतका आनंद झाला की ती गोष्ट मी माझ्या सगळ्यात सुंदर अक्षरात उतरवून काढली. पाकीट घेऊन निघाले तर दारात काकू उभ्या. त्यांनी विचारलं, “बाई, सकू बसली ना?”

“हौ काकू,” मी म्हटलं.

पाहुण्यांनी मला पसंत केलं नाही. काळी आहे म्हणाले. पण तो विषय वेगळा.

पुस्तक पुढच्या वर्षी शाळा उघडताना आलं. छोट्या गाडीनं गोंदियाहून गठ्ठा आला आणि गुरुजी स्वतः स्टेशनावर गेले. पंधराव्या पानावर गोष्ट होती, ‘धीट गंगू’, वर चित्र, खाली त्यांचं नाव. त्यांनी शाळेच्या पायरीवर बसून ती वाचली. मग पान उलटलं. पुढची पद्यातली गोष्ट दुसऱ्या कुणाची तरी होती, पोपटाची, आणि ती दोन पानं चालली होती. गुरुजींनी खिशात हात घातला. मी शेजारी उभी होते. त्यांनी पोपटाची गोष्ट मोजली, दोनशे अठरा. त्याच्या पुढची मोजली, एकशे नव्वद. ससा आणि पावसाची मोजली, दोनशे चाळीस. सबंध पुस्तकात दीडशेचा एकच धडा होता. वर कोणी बसलेलं नव्हतं, कोणी काही मोजलेलं नव्हतं.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहायचं टाळलं. ते उठले, चिंचोके खिशात टाकले आणि म्हणाले, “पोरायले वाटा पुस्तकं.” पोपटाची गोष्ट मात्र फार वाईट होती, हेही सांगितलं पाहिजे.

तिसरीचा वर्ग माझ्याकडे होता. मी काही दिवस पंधरावं पान टाळलं. पण पोरांना आपल्या गुरुजींचं नाव दिसलं होतं, ती कसली ऐकतात! एका दुपारी त्यांनी धडा उघडून ठेवला, आणि एकानं सुरू करताच सगळा वर्ग ताल धरून म्हणू लागला:

गंगू होती धीट फार, निघाली नदीपार;
मगर म्हणे, ‘ये गं पोरी, पाठीवर हो स्वार!’

गुरुजींची यमकं होती ती, तोंडात बसायला काही वेळ लागला नाही. दुसऱ्या खेपेला तर पोरं बाकावर हात आपटून म्हणत होती. खिडकी उघडी होती. बोळाच्या पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला. मला पोरांना थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही, थांबवून सांगणार काय होते? तेवढ्यात काकू दारात आल्या. हाताला राख तशीच. पोरांना वाटलं, काकू कौतुकानं ऐकायला आल्या. ती आणखी जोरात ओरडू लागली:

मगर बसली उपाशी, तिची फजिती झाली;
गंगू मात्र हसत एकटी घरी परत आली!

काकूंनी वाट पाहिली, पुढे आहे का म्हणून. मग पुढच्या बाकावरच्या मुलीला विचारलं, “झाली का व पोरी?”

“झाली काकू,” ती म्हणाली. “एवढीच हाय.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. पदर सावरून घरी गेल्या.

चार वाजता गुरुजी आणि मी नेहमीप्रमाणे पडवीत बसलो. मला पळून जायचं होतं, पण गुरुजींनी बोलावलं होतं. बहुतेक त्यांना एकट्यानं घरात जायची भीती वाटली. चहा आला नाही. काकूंनी सूप आणून गुरुजींपुढे ठेवलं. त्यात चिंचोके होते, काळे-पांढरे सगळे, तव्यावर भाजून काढलेले, टरारून फुटलेले. वास सुटला होता.

“खा,” काकू म्हणाल्या. “दीडशे हाय. मोजून घ्या.”

गुरुजी म्हणाले, “गंगू, जागा नव्हती व. म्या आठ दिवस—”

“तिले जागा नव्हती. मंग ‘हसत’ले कशी झाली जी?” काकूंनी विचारलं. “म्या हसत आली होती काय घरी?”

आता गुरुजी सांगणार, हे काम बाईंचं. त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटलं. सुपातला एक चिंचोका उचलून दाताखाली धरला. तो कटकन फुटला. मग दुसरा. काकू समोर उभ्या होत्या तोवर ते खात राहिले. त्यांनी माझं नाव का घेतलं नाही याचा मी पुष्कळ विचार केलेला आहे. मोठेपणानं घेतलं नसेल असं मला कधीकधी वाटतं. बहुतेक वेळा वाटतं की आयुष्यातली सगळ्यात मोठी काटछाट दुसऱ्याची होती, हे त्यांना कबूल करायचं नव्हतं.

त्या दिवसापासून काकूंनी अंगणातली गोष्ट बंद केली. पोरं आली की म्हणायच्या, “पुस्तकात हाय. वाचा.” थोड्या दिवसांनी पोरं यायची थांबली. नवऱ्याशी बोलणंही त्यांनी असंच आखडतं घेतलं. जेवा. उठा. दार लावा. भांडण नाही, आदळआपट नाही. घरात आणखी काही बोलण्याजोगं घडतच नाही, असं वागायच्या. गुरुजी मुद्दाम लांबलचक प्रश्न विचारायचे, आणि त्यांना एका शब्दाचं उत्तर मिळायचं. मी समोर असले की त्यांची जास्तच फजिती व्हायची. खरं सांगते, मला त्यात थोडी मजाही वाटायची. माझ्या अर्जाची आठवण यायची.

पुढे मराठी विभाग एका खोलीवर आला आणि मग मिटला. गुरुजी त्याच वर्षी निवृत्त झाले. मला पुढच्या अंगाला हिंदीची दुसरी मिळाली, आणि मी ‘बहनजी’ झाले. ‘धीट गंगू’चं पुस्तकही बदललं. खिडकीतून आता दुसऱ्याच कविता जायच्या.

गुरुजींना मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, दिवाळीच्या सुट्टीत. अंथरुणाला खिळले होते. दुपारची वेळ, पडवीतल्या बाजेवर पडलेले, ऊन पायांवर. काकू सगळं वेळेवर करत होत्या, पाणी, औषध, कूस बदलणं. मी बसले तेवढ्यात गुरुजींनी डोळे उघडले आणि काकूंना म्हणाले, “गंगू, गोष्ट सांग व.”

इतक्या वर्षांत त्यांनी कधी मागितली नव्हती. काकू घरात जायला निघाल्या होत्या त्या थांबल्या. बाजेच्या कडेला बसल्या. मला वाटलं, सुटला बिचारा. आता ‘एक होती गंगू, एक होती सकू’ सुरू होणार, गडवे मोजायला लागले तर आपणही मोजायचे, असं मी मनात ठरवूनसुद्धा टाकलं.

“गंगू होती धीट फार, निघाली नदीपार,” काकू म्हणाल्या.

पुस्तकातली. पोरांच्याच चालीवर, एकही शब्द न चुकता. कधी पाठ केली होती कोण जाणे. गुरुजींनी डोळे मिटले नाहीत. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर हलू लागला, सवयीनं. मगर आली, पाठीवर बसवलं, नदीची मधली धार आली. अंगठा चालूच होता. शेवटाला काकूंनी चाल सोडली आणि साध्या आवाजात म्हणाल्या, “मगर बसली उपाशी, तिची फजिती झाली. गंगू मात्र एकटी घरी परत आली.”

गुरुजींचा अंगठा थांबला. त्यांनी पुन्हा पेरं चाचपली.

“एकशे एकोणपन्नास,” ते पुटपुटले. “एक कमी.”

“हौ जी,” काकू म्हणाल्या. “एक कमी हाय. कोन कमी हाय थे तुमाले मालूम हाय.”

त्यांनी पाण्याचा गडवा उचलला आणि आत गेल्या. गुरुजींनी हळूहळू मान वळवून माझ्याकडे पाहिलं. काकूंनी गाळलेला शब्द ‘हसत’ होता, आणि तो कोणी टाकला हे जगात आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. मला वाटलं, आता तरी सांगतील. त्यांचे ओठ हललेसुद्धा. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

आतून काकूंनी हाक मारली, “बाई, चहा ठिवू का तुमाले?”

“हौ काकू,” मी म्हटलं.